विज्ञानकथेची रेषा

पडद्यावरील विज्ञानकथासंग्रहाचे मूळ शोधू गेल्यास ते चित्रशाळेपेक्षा नियतकालिकाच्या कचेरीतच सापडते. कारण पॅरिसच्या ‘मेताल युर्लां’ या चित्रकथांच्या अंकाचा 1977 साली ‘हेवी मेटल’ हा अमेरिकी अवतार निघाला नसता, तर 1981 चा त्याच नावाचा अ‍ॅनिमेशनपट झाला नसता, आणि त्या चित्रपटाचा जीर्णोद्धार करण्याचा टिम मिलर व डेव्हिड फिंचर यांचा जुना बेत 2019 साली ‘लव्ह, डेथ अँड रोबॉट्स’च्या रूपाने फळासही आला नसता. कात्सुहिरो ओतोमोचा 1995 चा ‘मेमरीज’ घ्यावा, तर त्यातलीही पहिली कथा आधी त्याच्याच चित्रकथेत अवतरली होती. सारांश, या कलेत गोष्ट सुचते तीच मुळी रेषेत.

आता आपल्याकडे पाहावे. मराठीत दिवाळी अंकाची परंपरा 1909 च्या ‘मनोरंजन’पासून चालत आलेली, दादासाहेब फाळक्यांनी 1915 साली ‘आगकाड्यांची मौज’मध्ये निर्जीव काड्या पडद्यावर नाचवलेल्या, आणि 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ पाठवून जयंत नारळीकरांनी पारितोषिकही पटकावलेले. इतका सरंजाम असूनही मराठी विज्ञानकथा कागदावरच राहिली, याचे कारण भांडवलाच्या टंचाईत जितके आहे तितकेच, माझ्या मते, कथेच्या प्रकृतीत आहे. नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांच्या वळणावर वाढलेली आपली कथा सिद्धान्ताशी प्रामाणिक, पण फार बोलकी. शास्त्रज्ञ दिवाणखान्यात बसून समजावून सांगतो, आणि चित्रकाराच्या वाट्याला त्याचा चष्मा तेवढा उरतो.

2023 साली ‘स्टार वॉर्स : व्हिजन्स’च्या दुसऱ्या मालेत मुंबईच्या ‘88 पिक्चर्स’ने ईशान शुक्लांच्या दिग्दर्शनाखाली ‘द बँडिट्स ऑफ गोलक’ केला. आगगाडीने पळणारी भावंडे, वाटेतला ढाबा, तेथील ताटातले अन्न, हे सारे पाहताना मध्य प्रदेशातल्या आम्हा बालाघाटकरांना 2015 पर्यंत नैनपूरकडे रखडत जाणारी आमची छोटी लाईन आठवल्यावाचून राहत नाही. चित्र देखणे आहे. परंतु घर भाड्याचे आहे, आणि भाडेकरूने भिंतीला कोणता रंग द्यावा याचा अखेरचा हुकूम घरमालकाकडूनच सुटतो.

खरा ऐवज मला निराळ्याच ठिकाणी दिसतो. मंडल्यापलीकडे, दिंडोरी जिल्ह्यातील पाटनगढचे गोंड चित्रकार भज्जू श्याम एका उपाहारगृहाच्या भिंती रंगवण्यासाठी लंडनला गेले, आणि त्या प्रवासाचे 2004 साली ‘द लंडन जंगल बुक’ हे पुस्तक झाले. त्यात विमान म्हणजे उडणारा हत्ती, जमिनीखालची रेल्वे म्हणजे गांडूळ, आणि बिग बेनचे घड्याळ म्हणजे बांग देणाऱ्या कोंबड्याचा वाटोळा डोळा. त्या डोळ्याकडे नीट पाहावे : यंत्र आणि प्राणी यांची तेथे उपमा दिलेली नाही, दोहोंचा देहच एक केलेला आहे. अपरिचित यंत्रविश्वात उतरलेल्या मनुष्याने त्याला आपल्या पुराणाची नावे द्यावी, याहून अस्सल विज्ञानकथा कोणती? लेखकांना ती तशी वाटत नाही. आदिवासी कला म्हटली की आपले हात थेट दिवाणखान्याच्या भिंतीकडे वळतात. (माझ्याही भिंतीवर एक हरिण आहे, हे कबूल.)

बालाघाटजवळच्या आमच्या भरवेलीला मँगनीजची भूमिगत खाण आहे. पाळी सुरू झाली की माणसे जमिनीच्या पोटात उतरतात आणि काळी धूळ अंगावर घेऊन वर येतात. ज्या वाटेने ती उतरतात तिला कोणत्या जनावराचा घसा म्हणावे, हे ठरवणारा चित्रकार आणि कोरी पाने घेऊन त्याच्या दारी जाणारा संपादक, या दोघांची गाठ मात्र अजून पडायची आहे.