पिठाचा कोंबडा आणि गालिच्यावरचा ड्रॅगन

पर्युषणात ज्ञानबाजी मांडायची आपल्याकडे जुनी रीत. कवड्या टाकायच्या, शिडी लागली तर वर, साप लागला तर खाली; बहुधा ८४ घरांचा पट आणि सगळ्यांत वर मोक्ष. पट सुंदर असतो, पण खेळ म्हणून मला तो नेहमी थोडा अपुरा वाटतो. पाप कोणतं, पुण्य कोणतं हे घरात लिहिलेलं. करते मात्र कवडी. खेळणाऱ्या बाईला ठरवायचं असं काही उरतच नाही.

ठरवायला लावणारा खेळ १९७४ साली अमेरिकेत आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे आपलं पात्र आता काय करेल ते बोलतात. पुढे विल क्राउथर या प्रोग्रामरने १९७६ च्या सुमारास गुहेचा तसाच खेळ संगणकावर बांधला, आणि १९७७ मध्ये डॉन वुड्सने तो वाढवला. नाव ‘ॲडव्हेंचर’. त्यात चित्र एकही नाही. पडद्यावर गुहेचं वर्णन येतं, आपण एक-दोन शब्द टाइप करायचे: घे, टाक, उघड, मार.

बायांनी यातलं एक नाव लक्षात ठेवावं, पॅट्रिशिया क्राउथर. ती विलची बायको, आणि पक्की गुहा धुंडाळणारी. केंटकीतल्या फ्लिंट रिज आणि मॅमथ केव्ह या दोन गुहा आतून जोडलेल्या आहेत हे १९७२ मध्ये सिद्ध झालं, त्या शोधात ती होती. अंगाने बारीक, म्हणून अरुंद फटीतून पुढे तीच सरकली. नवराबायको वेगळे झाल्यावर विलने आपल्या मुलींना खेळता यावं म्हणून हा खेळ लिहिला. मुलींच्या खेळातली ती गुहा आईच्याही पायाखालची होती, पण खेळाच्या कौतुकात तिचं नाव क्वचितच येतं.

आता मुद्द्यावर येते. लामत्याला आमच्याकडे सुट्टीत भाचा येतो, तो हे असले जुने खेळ लॅपटॉपवर खेळतो. घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगून टाकलं, “हिंसेचा खेळ आहे, बंद कर.” तो माझ्याकडे आला. “मावशी, मरतं कोण? नुसती अक्षरं तर आहेत.”

हा जबाब आपल्या परंपरेत चालत नाही, बरं का. राजा यशोधराची कथा आपण सगळ्यांनी ऐकलीय. सोमदेवांनी ती ९५९ मध्ये ‘यशस्तिलक’मध्ये सांगितली, पुष्पदंतांनी अपभ्रंशात. राजाने आणि त्याच्या आईने पिठाचा कोंबडा बळी दिला. रक्ताचा थेंब नाही, तरी त्या संकल्पापायी दोघांना पशुयोनीत जन्मोजन्मी भटकावं लागलं. अक्षरांचा ड्रॅगन आणि पिठाचा कोंबडा, फरक काय?

पण म्हणून खेळ बंद करा, हेही मला पटत नाही. मी भाच्याजवळ बसून तो शेवटपर्यंत पाहिला. गुहेत बुटके येतात, तेच आधी कुऱ्हाड फेकतात, मग सुऱ्या. त्यांना मारणं म्हणजे फार तर विरोधी हिंसा. वाट अडवून बसलेल्या सापाला मारावं लागत नाही. पिंजऱ्यातला पक्षी सोडला की तो त्याला हुसकावतो. साखळीला बांधलेलं अस्वल तर खाऊ घातलं की माणसाळतं, मागे मागे येतं, आणि पुढे पुलावरच्या राक्षसाला त्याला बघूनच पळता भुई थोडी होते. हे लिहिणाऱ्याला करुणा कळत नव्हती असं कोण म्हणेल?

ड्रॅगनपाशी मात्र खेळ घसरतो. तो बिचारा इराणी गालिच्यावर पसरलेला असतो, कुणाच्या वाटेला जात नाही. त्याला नुसत्या हातांनी मारायचं, कशासाठी, तर गालिचा हवा म्हणून. ही उघड संकल्पी हिंसा, आणि तिचं मूळ परिग्रहात. खजिना घरी आणून ठेवला की गुण वाढतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या सुरुवातीच्या नियमांतही बाहेर आणलेल्या सोन्याच्या मापाने पात्राचा अनुभव मोजला जाई. माझं भांडण आहे ते या हिशेबाशी. तलवारीवर बोट ठेवणारे आपले लोक त्या गुणांच्या आकड्याकडे बघतही नाहीत.

गंमत अशी की याच खेळात सातच वस्तू बाळगता येतात. आपलं परिग्रह-परिमाण व्रतच म्हणा ना, फक्त इथे मर्यादा यंत्राने घातलेली. आणि एक भुयार इतकं अरुंद आहे की हातातलं सगळं खाली ठेवल्याशिवाय पलीकडे जाता येत नाही. दिवासुद्धा ठेवावा लागतो. भाचा तिथे बराच वेळ अडला होता. एकेक वस्तू टाकून बघे, दिवा काही सोडवेना. पाठशाळेत व्रतांची नावं घोकून घेताना हे भुयार दाखवावं असं मला मनापासून वाटतं.

ड्रॅगनला न मारता खेळ पुरा करता येतो का, हेही आम्ही करून पाहिलं. पुढची वाट अडत नाही. गालिचा तेवढा हाती लागत नाही, आणि ३५० पैकी ३५० कधी होत नाहीत.