पढवणे आणि सुचवणे : बालसाक्षीच्या जबानीचा भाषिक विचार

बालसाक्षीच्या विश्वासार्हतेविषयी आपल्या न्यायालयांनी विपुल लिहिले आहे. त्या लेखनात एक कल्पना वारंवार भेटते, ती ‘पढवलेल्या साक्षीदारा’ची. मूल खरे बोलत आहे की कोणी पढवलेले बोलत आहे, असा द्विपक्षी प्रश्न तेथे गृहीत धरलेला असतो. हा विभाग अपुरा आहे. पढवण्यास पढवणारा लागतो, आणि त्याच्या मनात हेतू लागतो. सुचवण्यास मात्र केवळ एक प्रश्न पुरतो. तो विचारणारा सद्हेतूने विचारीत असला तरीही.

१८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या ११८ व्या कलमात, व त्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १२४ व्या कलमात, साक्षीदाराच्या वयाची किमान मर्यादा नाही. त्याला प्रश्न समजावेत व त्यांची सयुक्तिक उत्तरे देता यावीत, एवढीच अपेक्षा आहे. नागपूरच्या न्यायपरंपरेतून आलेले न्यायमूर्ती विव्हियन बोस यांनी १९५१ च्या ‘रामेश्वर विरुद्ध राजस्थान’ निकालात आणखी एक अपेक्षा व्यक्त केली : मुलाला सत्यकथनाचे कर्तव्य कळते असे न्यायाधीशाला का वाटते, त्याची कारणे नोंदली जावीत. तथापि व्यवहारात ही चौकशी किती त्रोटक असू शकते, हे ‘प्रदीप विरुद्ध हरयाणा’ (२०२३) या खटल्यात दिसले. खुनाच्या आरोपाखाली झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. खालच्या न्यायालयाने अल्पवयीन साक्षीदाराला प्रारंभी केवळ तीन प्रश्न विचारले होते, हे त्यामागील एक महत्त्वाचे कारण होते.

हा निकाल स्वागतार्ह आहेच. परंतु त्याचा रोख मुलाच्या पात्रतेकडे आहे. मुलाला प्रश्न समजतो काय, हे कायदा विचारतो. प्रश्नाने मुलाला काय समजावले, हे विचारीत नाही. सूचक प्रश्नांवर न्यायालयात सरतपासणीत बंधन आहे खरे. पण तोवर तेच प्रश्न घरी, रुग्णालयात आणि पोलीसठाण्यात अनेकदा विचारून झालेले असतात. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात केली मायकेल्स या शिक्षिकेला १९८८ मध्ये बालकांच्या साक्षींवरून सत्तेचाळीस वर्षांची शिक्षा झाली. ती १९९३ मध्ये रद्द झाली, आणि पुढच्याच वर्षी तेथील सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या मुलाखतींचीच पूर्वतपासणी करण्याची वाट घालून दिली. न्यूझीलंडमधील पीटर एलिस यांची १९९३ मधील शिक्षा २०२२ मध्ये रद्द झाली. त्यापूर्वी तीन वर्षे ते निवर्तले होते.

मराठीत ही सूचकता कोठे वसते? इंग्रजीतील संशोधनाने निश्चित व अनिश्चित उपपदांतील भेदावर भर दिला. मराठीत उपपदेच नाहीत. येथे काम करतात ते ‘च’, ‘ना’, ‘की नाही’ यांसारखे लहानसे शब्द. ‘काय झालं?’ हा मोकळा प्रश्न होय. ‘तुला कुणी मारलं?’ यात मारल्याचे गृहीत आले. ‘काकानंच मारलं ना?’ यात उत्तरही आले. मुलाकडे उरली ती केवळ मान हलवणे. आपल्या घरांत वडीलधाऱ्याला ‘नाही’ म्हणणे हा उद्धटपणा गणला जातो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या मान हलवण्याचे मोल कळते. शाळेत ‘पुन्हा सांग’ म्हणजे ‘चुकलास’. तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला की मूल उत्तर बदलते, ते याच शिकवणुकीने. शिवाय ‘काका’ हा शब्द सख्ख्या चुलत्यालाही लागतो आणि रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही. तो कोणता, हे न विचारता लिहिलेली जबानी ओळख पटवीत नाही. ती ओळख निर्माण करते.

मुदखेडसारख्या ठिकाणी हा प्रश्न अधिक बिकट होतो. सिकंदराबाद–मनमाड मार्गावरून आदिलाबादचा फाटा येथे फुटतो, आणि मराठी, तेलुगू, दखनी व बंजारा बोली या टापूत एकमेकींना भेटतात. तांड्यावरचे मूल गोरमाटीत आठवते, मराठीत सांगते, आणि कागदावर ‘सदर इसमाने’ अशा भाषेत उमटते. ‘सदर’ हा शब्द कोणत्याही सात वर्षांच्या मुलाचा नव्हे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २७६ व्या कलमानुसार सत्र न्यायालयातील साक्ष सामान्यतः निवेदनरूपात लिहिली जाई. प्रश्नोत्तररूप न्यायाधीशाच्या इच्छेवर होते. निवेदनात प्रश्न लोपतो, आणि शब्द मुलाचा की विचारणाऱ्याचा, हे ठरवण्याचे साधनच नष्ट होते. ‘काका आला होता म्हणे’ यातील ‘म्हणे’ गळाला की ऐकीव गोष्ट पाहिलेली होते. एका अव्ययाच्या लोपाने माणूस तुरुंगात जाऊ शकतो.

यावरून मुलांवर विश्वास ठेवू नये असा निष्कर्ष काढणे अनर्थकारक ठरेल. ‘मध्य प्रदेश विरुद्ध बलवीर सिंग’ (२०२५) या खटल्यात एका लहान मुलीची साक्ष ग्राह्य मानून सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाने दिलेली सुटका फिरवली. सूचक प्रश्न निरपराध्याला अडकवतो, तसाच मुलाच्या खऱ्या शब्दालाही संशयास्पद करतो. दोघांचे हित एकच आहे.

उपाय कायद्याला अपरिचित नाही. बालकांच्या लैंगिक अपराधांपासून संरक्षणाच्या २०१२ च्या अधिनियमात जबानी मूल बोलेल तशीच नोंदावी, दुभाष्याचे साहाय्य घ्यावे व शक्य तेथे ध्वनिचित्रमुद्रण करावे, असे सांगितले आहे. हे तत्त्व सर्वच बालसाक्षींना लागू व्हावे आणि त्यात प्रश्नाचीही अक्षरशः नोंद अनिवार्य व्हावी. असुरक्षित साक्षीदारांसाठी स्वतंत्र केंद्रांचा आग्रह सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातीलच दोन प्रकरणांत, २०१७ व २०२२ मध्ये, धरला आहे. मात्र निराळी खोली उभारली तरी प्रश्न जुनाच राहिला, तर भिंतींचा रंग बदलेल, साक्षीचा नाही. उत्तराचे मूल्य प्रश्नावाचून ठरत नाही. म्हणून जबानीच्या कागदावर पहिली ओळ विचारणाऱ्याची असली पाहिजे.