पायवाट, पर्वत आणि राजकारण

प्रवासवर्णन हा आमच्या वाङ्मयांतील फार लोकप्रिय, पण टीकाकारांनीं फारसा मनावर न घेतलेला प्रकार आहे. युरोपांत जाऊन आलेला आमचा प्रवासी बहुधा दोन वह्या भरून आणतो. एकींत आल्प्सचें बर्फ, सरोवरें व आगगाडीच्या खिडकींतून दिसलेलीं कुरणें असतात; दुसरींत तेथील राज्यव्यवस्था, कायदे आणि पक्ष यांची माहिती असते. या दोन वह्यांची गांठ क्वचितच पडते. पर्वत पाहतांना राजकारण विसरावें आणि राजकारण बोलतांना पर्वताकडे पाठ करावी, असा जणूं संकेतच ठरून गेला आहे. हा संकेत कितपत टिकण्यासारखा आहे, हें एका इंग्रज प्रवाशाच्या ग्रंथत्रयीच्या आधारें तपासून पाहावें, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

पॅट्रिक ली फर्मर हा तो प्रवासी. १९३३ च्या डिसेंबरांत, वयाच्या अठराव्या वर्षीं, हा तरुण लंडन सोडून हॉलंडच्या किनाऱ्यावर उतरला आणि तेथून कॉन्स्टँटिनोपलपर्यंत पायीं जाण्याच्या निश्चयानें निघाला. ऱ्हाइन, डॅन्यूब, हंगेरीचें मैदान, ट्रान्सिल्व्हानियाचे अरण्यमय डोंगर आणि बाल्कन पर्वत मागें टाकीत तो सुमारें एका वर्षानें तेथें पोंचला. परंतु या प्रवासाचा पहिला भाग, 'अ टाइम ऑफ गिफ्ट्स', प्रसिद्ध झाला तो १९७७ सालीं. दुसरा, 'बिट्वीन द वुड्स अँड द वॉटर', १९८६ सालीं. आणि तिसरा, 'द ब्रोकन रोड', लेखक २०११ मध्यें वारल्यावर दोन वर्षांनीं, तोहि अपुराच. म्हणजे पाय अठरा वर्षांच्या मुलाचे आणि लेखणी साठी उलटलेल्या गृहस्थाची. या पुस्तकांची सारी गोडी आणि सारी अडचण या एका गोष्टींत सांठविलेली आहे.

पहिली अडचण सत्याची. फर्मरची पहिली रोजनिशी म्यूनिक येथें पाठपिशवीसह चोरीस गेली. पुढची एक वही रुमानियांत राहिली, ती १९६५ सालीं त्याच्या हातीं परत आली. बाकीचें पुष्कळसें स्मरणाच्या भरंवशावर. तरीहि चाळीस वर्षांपूर्वींच्या पंगतींतील पदार्थ, भिंतीवरील चित्र, यजमानाचा पोषाख हें सर्व तो काल पाहिल्यासारखें सांगतो. आर्टेमिस कूपर यांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या चरित्रांत तर असें उघडकीस आलें कीं, हंगेरीच्या मैदानांतील ज्या घोडेस्वारीचें त्यानें इतकें रसभरित वर्णन केलें, तींतील बराच भाग रचलेला होता.

कोणी म्हणेल, घोडा कल्पित असला म्हणून मैदान खोटें ठरत नाहीं. हें खरें, परंतु प्रवासवर्णनकार हा एक प्रकारचा साक्षीदार असतो, आणि घोड्याविषयीं एकदां संशय आला म्हणजे पुढच्या प्रत्येक जबानीविषयीं तो येतो. अशा वेळीं वकिलाचा जुना नियमच उपयोगी पडतो: साक्षीदार आपल्या फायद्याचें बोलत आहे कीं तोट्याचें, हें पाहावें. घोड्यावर बसलेला तरुण अधिक डौलदार दिसतो, म्हणून तो भाग आम्ही सावधपणें वाचतों. पण जेथें लेखक स्वतःचें अज्ञान उघडें करतो, तेथें अविश्वासाला फारसें कारण उरत नाहीं. आणि या ग्रंथांतील राजकारणाचे प्रसंग बहुतेक या दुसऱ्या जातीचे आहेत.

हा तरुण जर्मनींत शिरला तेव्हां हिटलरला सत्तेवर येऊन वर्षहि झालें नव्हतें. १९३४ च्या फेब्रुवारींत तो व्हिएन्नास पोंचला, त्याच सुमारास डोल्फसच्या सरकारनें कामगारांच्या वसाहतींवर तोफा डागल्या होत्या. 'कार्ल मार्क्स होफ' ही कामगारांची प्रचंड इमारत त्या माऱ्यांत सांपडली. अशा शहरांत हा मुलगा घरोघर फिरून लोकांचीं रेखाचित्रें काढून चार पैसे मिळवीत होता! तो राजकारणांत आंधळा होता, असा आरोप करणें सोपें आहे. परंतु तो आरोप प्रथम म्हाताऱ्या फर्मरनेंच तरुण फर्मरवर केला आहे, आणि तोहि रडगाणें न गातां.

शिवाय जें त्याला समजलें नाहीं, तें त्याच्या डोळ्यांनीं टिपलें होतें. जर्मनींत एका कामगार तरुणानें त्याला रात्रीपुरती आपल्या घरीं जागा दिली. खोलीच्या भिंती नाझी झेंड्यांनीं आणि हिटलरच्या चित्रांनीं मढलेल्या. वर्षापूर्वीं याच भिंतींवर लाल निशाण आणि लेनिन व स्टालिन यांच्या तसबिरी होत्या, असें त्या तरुणानें सहज सांगितलें. त्याचे सोबतीहि असेच एका रात्रींत पालटले होते. श्रद्धेची जागा तीच राहून देवता तेवढी बदलली होती. लोक आपलें स्वातंत्र्य इतक्या आनंदानें कसें देऊन टाकतात, या प्रश्नावर आम्हीं अनेक जाडे ग्रंथ वाचले आहेत. या एका खोलीनें जें समजतें तें त्यांतील थोड्याच ग्रंथांनीं समजतें.

आतां पर्वतांविषयीं. उंच चढलें म्हणजे खालचे कलह खालींच राहतात, अशी गिरिप्रेमी मंडळींची समजूत असते. आल्प्सचा इतिहास तिला दुजोरा देत नाहीं. ब्रेनरची खिंड घ्या. १९१९ च्या सेंट जर्मेनच्या तहानें तिच्या दक्षिणेकडील जर्मनभाषिक टायरोल इटलीच्या पदरांत पडलें. पुढें फॅसिस्टांनीं तेथील गांवांचीं नांवें बदललीं, शाळांतून जर्मन भाषा हद्दपार केली; आणि १९३९ सालीं हिटलर व मुसोलिनी या दोघांनीं मिळून तेथील लोकांपुढें असा पेंच टाकला कीं, घरदार सोडून जर्मन राज्यांत जा, नाहीं तर भाषेची आशा सोडून येथेंच राहा. गिर्यारोहकांच्या संस्थाहि यांतून सुटल्या नव्हत्या. जर्मन व ऑस्ट्रियन आल्पाइन संघानें व्हिएन्नाची 'डोनाउलांड' ही शाखा, तिच्यांत ज्यू सभासदांचा भरणा म्हणून, १९२४ सालींच बाहेर काढली. हिटलर सत्तेवर येण्यास तेव्हां आठ वर्षांचा अवकाश होता. आम्ही ब्रेनर ओलांडली ती आगगाडीनें. तेथील नित्याची पासपोर्ट-तपासणी १९९८ सालींच उठली होती, त्यामुळें सरहद्द केव्हां गेली हें कळलेंहि नाहीं. मात्र पलीकडच्या प्रत्येक स्थानकावर गांवाचें नांव दोन भाषांत लिहिलेलें होतें. डोंगर पाहणाऱ्यानें त्या पाट्याहि वाचाव्या, इतकेंच आमचें म्हणणें.

फर्मर त्या वाचतो काय? ट्रान्सिल्व्हानियाच्या भागांत या प्रश्नाचें उत्तर मिळतें, आणि तें निर्भेळ नाहीं. १९२० च्या ट्रायानॉनच्या तहानें हा मुलूख हंगेरीकडून रुमानियाकडे गेला. प्रवाशाचे येथील यजमान बहुधा हंगेरियन जमीनदार. नव्या सरकारच्या कायद्यानें त्यांच्या जमिनी पुष्कळशा गेलेल्या. तो त्यांच्या वाड्यांत उतरतो, त्यांच्या ग्रंथसंग्रहांत रमतो, त्यांची व्यथा आदरानें ऐकतो. तंट्याला दोन बाजू आहेत याची त्याला जाणीव आहे. पण त्या जमिनी ज्याच्या वांट्यास आल्या, त्या रुमानियन शेतकऱ्याचें म्हणणें तितक्या जवळून आमच्या कानीं येत नाहीं. ज्याचें मीठ खावें त्याच्या डोळ्यांनीं पाहावें, हा पाहुण्याचा स्वभावदोष आहे, आणि कल्पित घोड्यापेक्षां हा दोष आम्ही अधिक गंभीर समजतों.

याच्या उलट, डोंगरांतील लांकूडतोडीच्या तळावरील प्रसंग पाहावा. तेथें एका ज्यू कुटुंबानें त्याला आश्रय दिला. तुम्ही कशासाठीं फिरतां, असें त्यांनीं विचारलें. मौजेसाठीं, असें उत्तर ऐकून तीं माणसें हंसलीं; ज्यांत ज्यू माणसाला गोडी वाटत नाहीं अशा इतर लोकांच्या हौसांपैकीं ही एक, असा त्यांचा अभिप्राय पडला. मग दिव्याभोंवतीं बसून हिब्रू स्तोत्रांचें वाचन झालें आणि परक्या मुलाला त्यांतील ओळखीचीं स्तोत्रें निघालीं, म्हणून दोन्ही पक्षांस आनंद झाला. दहा वर्षांनीं, १९४४ च्या मे-जून महिन्यांत, उत्तर ट्रान्सिल्व्हानियांतील ज्यू लोक आगगाड्यांत कोंबून ऑशविट्झकडे नेण्यांत आले. त्या रात्रीं मुलाला हें ठाऊक असणें शक्य नव्हतें. वाचकाला ठाऊक असतें. आनंदाचें इतकें साधें वर्णन वाचतांना जीव कां गुदमरतो, याचें कारण हेंच.

तुलनेसाठीं रिबेका वेस्ट यांचा 'ब्लॅक लँब अँड ग्रे फाल्कन' हा १९४१ चा ग्रंथ घ्यावा. युगोस्लाव्हियाच्या प्रवासावरील हा प्रचंड ग्रंथ उघड राजकीय आहे. प्रत्येक मठापुढें, प्रत्येक डोंगराच्या वळणावर वेस्टबाई इतिहासाला साक्षीस बोलावतात. त्यांची बुद्धि फर्मरपेक्षां तीक्ष्ण, पण सर्ब पक्षाविषयींचा त्यांचा ओढा इतका प्रबळ कीं, इतरांचें ऐकून घेण्याची सवड त्यांना क्वचितच असते. बाई निकाल देतात. फर्मर साक्ष देतो. निकाल कालांतरानें फिरविले जातात, चांगली साक्ष मात्र पुढच्या न्यायाधीशासहि उपयोगी पडते.

अनंत काणेकरांचें 'धुक्यांतून लाल ताऱ्याकडे' १९४० सालीं निघालें, तेव्हांच मराठी प्रवाशानें युरोपकडे राजकीय दृष्टीनें पाहण्यास आरंभ केला होता. म्हणून ही चर्चा आम्हांला परकी नाहीं. आज आमच्या ओळखीचीं कितीतरी कुटुंबें उन्हाळ्यांत आल्प्सला जाऊन येतात आणि तेथें अगदीं शांत आहे, असें सांगतात. शांतता खरी, पण ती कोणत्या किंमतीस मिळाली आणि कोणाच्या गैरहजेरींत नांदते, हें विचारणें प्रवाशाच्या रसिकतेस बाधक नाहीं. फर्मरचीं पुस्तकें यासाठीं वाचावीं. त्याच्या घोड्यावर विश्वास ठेवूं नये, त्याच्या यजमानांचें म्हणणें दुसऱ्या बाजूशीं ताडून पाहावें, आणि त्या लांकूडतोड्यांच्या दिव्याजवळ मात्र थोडा वेळ थांबावें.