मूर्च्छेचा पेच : अवस्थात्रयीच्या चौकटीबाहेर

जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि या तिहींपलीकडची तुर्या ही मांडणी मांडूक्य उपनिषदाच्या अवघ्या १२ मंत्रांतून आपल्यापर्यंत आली व गौडपादांच्या कारिकांनी ती दृढ केली. मराठी समीक्षेच्या ती इतकी हाताशी असते की संज्ञाप्रवाही कादंबरीचा विचार करताना तिचा मोह आवरत नाही. जॉइसची 'युलिसिस' (१९२२) असो की मर्ढेकरांची 'रात्रीचा दिवस' (१९४२), जाणिवेचे थर दाखवावयाचे म्हटले की जागृतीखाली स्वप्न आणि स्वप्नाखाली सुषुप्ती अशी उतरंड रचली जाते. प्रस्तुत निबंधाचा रोख या उतरंडीत न बसणाऱ्या एका अवस्थेकडे आहे : मूर्च्छा. ती वगळल्याने तौलनिक अभ्यासाचे नेमके काय हरवते, एवढाच प्रश्न येथे विचारार्थ घेतला आहे.

मूर्च्छा परंपरेच्या नजरेतून सुटलेली नव्हती, हे प्रथम नमूद करावयास हवे. भरताच्या तेहतीस व्यभिचारी भावांत निद्रा, सुप्त, विबोध, मोह, अपस्मार यांची स्वतंत्र नोंद आहे, आणि आठ सात्त्विक भावांत 'प्रलय' म्हणून शुद्ध हरपण्याला वेगळे स्थान आहे. वेदान्तात तर ब्रह्मसूत्रांतील एक संपूर्ण सूत्र (३.२.१०) केवळ मूर्च्छिताच्या विचारासाठी खर्ची पडले आहे, आणि त्यावरील शांकरभाष्य हे माझ्या मते अवस्थाविचारातील सर्वांत निरीक्षणनिष्ठ पृष्ठांपैकी एक आहे.

पूर्वपक्ष असा की मूर्च्छा ही जागृतीच होय. बाण घडविणारा कारागीर जसा बाणावाचून दुसरे काही पाहत नाही, तसे मूर्च्छिताचे मन आघाताच्या दुःखात गुंतलेले असते. आचार्य हे अमान्य करतात आणि त्यासाठी दिलेले कारण साहित्याच्या अभ्यासकाने थांबून वाचावे असे आहे. कारागीर नंतर सांगू शकतो की इतका वेळ मला केवळ बाणच दिसत होता. मूर्च्छेतून उठलेला मात्र सांगतो की मी गाढ अंधारात होतो, मला काहीच कळले नाही. शिवाय जागा मनुष्य देह सावरून धरतो, मूर्च्छिताचा देह कोसळतो. म्हणजे दोन अवस्थांतील भेदाचा एक निकष चक्क निवेदनाचा आहे.

सुषुप्तीपासून भेद दाखविताना मात्र भाष्यकार निवेदनाकडे वळत नाहीत. ते देहाकडे पाहतात. झोपलेल्याचे मुख प्रसन्न, श्वास नियमित, डोळे मिटलेले. मूर्च्छित कधी दीर्घकाळ श्वासच घेत नाही, त्याचा देह कापतो, मुद्रा भयानक होते, डोळे विस्फारलेले राहतात. झोपलेला हाताच्या नुसत्या स्पर्शाने उठतो, मूर्च्छित मुद्गराच्या घावानेही उठत नाही. निद्रेचे कारण श्रम, मूर्च्छेचे कारण मुसळाचा प्रहार यांसारखे काही. १९७४ मध्ये टीसडेल आणि जेनेट यांनी सिद्ध केलेल्या ग्लासगो कोमा श्रेणीत डोळे उघडणे, बोलणे आणि वेदनेला देहाने दिलेला प्रतिसाद या तीन गोष्टी ३ ते १५ या गुणांत मोजल्या जातात. भाष्यातील यादी तिच्या शेजारी ठेवली असता साम्य जाणवते. त्यावरून 'हे सारे आमच्याकडे आधीच होते' असा जयघोष करण्याचे कारण नाही. श्रेणीचे प्रयोजन उपचार हे आहे, भाष्याचे प्रयोजन जीवाचा ब्रह्माशी संबंध ठरविणे हे आहे. म्हणूनच आचार्यांचा निर्णय अर्धसंपत्तीचा : मूर्च्छा अर्धी सुषुप्तीकडे, अर्धी मरणाकडे. ती मरणाचे द्वार आहे, आणि ती कादाचित्क असल्याने पाचवी अवस्था म्हणून तिची प्रसिद्धी नाही. लोकांना व वैद्यांना ती ठाऊक आहे, असे म्हणून ते पुढे जातात.

मराठी अभ्यासक सहसा येथेच थांबतो. पण याच द्वाराशी उभा राहून लिहिणारा एक फ्रेंच लेखक आहे. 'एसे'च्या दुसऱ्या खंडातील सहाव्या निबंधात माँतेन आपल्या अपघाताची हकीकत सांगतो. त्याच्याच माणसाचा दणकट घोडा भरधाव येऊन त्याच्यावर आदळला, तो दहाबारा पावले दूर फेकला गेला आणि मेला असे समजून लोकांनी त्याला उचलून घराकडे नेले. हळूहळू त्याला रक्ताची उलटी झाली, प्रकाश दिसू लागला. जीव ओठांच्या टोकाशी टांगलेला आहे असे त्याला वाटले, आणि तो बाहेर जाण्यास साहाय्य व्हावे म्हणून त्याने डोळे मिटून घेतले. इकडे पाहणाऱ्यांना तो छातीवरचे कपडे ओरबाडताना दिसत होता. तिकडे त्याच्या अनुभवात केवळ गोड शिथिलता होती. वाटेत अडखळत येणाऱ्या पत्नीसाठी घोडा द्या, असेही तो म्हणाला म्हणे. ते विचार आपले नव्हते, डोळ्यांकानांनी परस्पर उठविलेले होते, असा त्याचा निर्वाळा आहे. प्रत्यक्ष टकरीची स्मृती सर्वांत शेवटी, विजेसारखी परतली.

भाष्यातील मूर्च्छित 'काहीच कळले नाही' म्हणतो; माँतेनला बरेच कळलेले आहे, मात्र ते त्याचे नाही. त्याची साक्ष आत आणि बाहेर अशी दुभंगलेली आहे आणि बाहेरचा अर्धा भाग इतरांकडून उसना आणावा लागला आहे. माझ्या मते मूर्च्छेचे साहित्यिक वैशिष्ट्य येथे आहे. झोपेची साक्ष मनुष्य स्वतः देऊ शकतो, निदान 'सुखाने झोपलो' एवढे म्हणू शकतो. मूर्च्छेला दुसरा माणूस लागतो.

भवभूतीने हे नाटककाराच्या अधिकाराने ओळखले होते. 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकात सीतेच्या स्पर्शाने आलेली अवस्था सुख की दुःख, मोह की निद्रा, हे रामाला ठरविता येत नाही. आणि तीच सीता त्याच्या बाहूवर विसावून झोपलेली असताना दुर्मुख लोकापवादाची वार्ता घेऊन येतो. निद्रिस्त सीतेचा त्याग होतो, कारण निद्रिताला आपल्याविषयी काय ठरते हे कळत नाही. तिसऱ्या अंकात पारडे फिरते. आता राम मूर्च्छित आहे आणि भागीरथीच्या वराने अदृश्य झालेली सीता तमसेच्या सांगण्यावरून त्याला स्पर्श करते. राम तो स्पर्श ओळखतो, पण त्याला साक्षी नाही. वासंतीला तो भ्रम वाटतो. प्रेक्षकाला मात्र सारे दिसते. मूर्च्छेचे ज्ञान असे तीन ठिकाणी वाटले गेल्यावर संज्ञाप्रवाहाच्या एकाकी 'मी'ला तेथे वाव उरत नाही. 'युलिसिस'च्या अखेरच्या प्रकरणात मॉलीची जाणीव झोपेच्या काठापर्यंत सहज वाहत जाते. कोसळणारा देह त्या प्रवाहात मावणे अवघड आहे. त्या तंत्राची ही मर्यादा उतरंडीच्या चौकटीतून पाहणाऱ्याला दिसतच नाही, कारण त्या चौकटीत प्रत्येक पायरी एकट्याने उतरावयाची असते.

जाता जाता एक भाषिक निरीक्षण. फ्रेंचमध्ये मूर्च्छेतून उठणारा 'स्वतःकडे परततो'. मराठीत तो 'शुद्धीवर येतो'. आपल्या रामकथांत 'सीताशुद्धी' म्हणजे सीतेचा लागलेला ठावठिकाणा, तिची वार्ता. दोन्ही अर्थांमधील धागा कोशकारांनी अधिक तपासावा. परंतु ज्याची शुद्ध हरपली त्याचा शोध दुसऱ्या कोणी घ्यावयाचा असतो, हा भाव त्या शब्दात आजही ऐकू येतो.