मार खाणाऱ्याचे हसू

मराठी समीक्षेला हसण्याचे वावडे आहे, आणि दलित समीक्षेने हे वावडे प्रस्थापितांकडून जसेच्या तसे उचलले, असे माझे मत आहे. वेदना, विद्रोह, नकार हे शब्द आपण पुष्कळ वापरले. ते वापरणे भागही होते. परंतु आपल्या वस्तीतला माणूस कशाला हसतो, कोणाला हसतो आणि हसल्याने त्याचे काय होते, याचा विचार फारसा झालेला नाही. म्हणून या ठिकाणी मी एका ‘हलक्या’ समजल्या जाणाऱ्या प्रकाराविषयी लिहिणार आहे. तो प्रकार म्हणजे हाँगकाँगचे जुने विनोदी कुंग फू चित्रपट.

हे चित्रपट मी मोर्शीत पाहिले. ऐंशीच्या दशकात तालुक्याच्या गावी व्हिडिओ आला, तेव्हा एका अंधाऱ्या खोलीत दाटीवाटीने पोट्टे बसत. संत्र्याच्या तोडीला जाणारे, हमाली करणारे, वसतिगृहात राहून शिकणारे. संवाद इंग्रजीत, तेही ओठांशी न जुळणारे. कोणाला एक अक्षर कळत नसे आणि कोणाचे काही अडतही नसे. आमचे एक शिक्षक याला पलायनवाद म्हणत. पलायन होते हे खरे. पण माणूस पळून कोठे जातो हेही बघितले पाहिजे. त्या काळी तेथेच हिंदी सिनेमाही लागत होता आणि त्यातला नायक बहुधा ठाकूर, खन्ना नाही तर मल्होत्रा असे.

ब्रूस ली आम्हांला आधी माहीत झाला. १९७२ च्या ‘फिस्ट ऑफ फ्युरी’त शांघायच्या बागेच्या दारावर कुत्र्यांना आणि चिन्यांना मज्जाव करणारी पाटी असते, ती तो लाथेने फोडतो. त्याच १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. हा योगायोग आहे, मी त्यातून सिद्धान्त काढत नाही. परंतु ज्याच्या बापाला विहिरीवर, देवळावर अशीच न लिहिलेली पाटी दिसत होती, त्याला ती लाथ समजावून सांगावी लागत नव्हती. मात्र या चित्रपटाच्या शेवटी नायक रोखलेल्या बंदुकांवर झेप घेतो आणि चित्र तेथेच गोठते. संतापाचा नायक मरतो. आपल्या कवितेतही तो अनेकदा मेला आहे आणि आपण त्याच्या मरणाला दाद दिली आहे.

विनोदी कुंग फूचा नायक मरत नाही. १९७८ चा ‘स्नेक इन द ईगल्स शॅडो’ घ्या. दिग्दर्शक युएन वू-पिंग, नायक जॅकी चॅन. नायक अनाथ आहे, कुंग फूच्या शाळेत फरशी पुसतो, आणि गिऱ्हाईक आले की त्याला उभे करून मारतात. म्हणजे तो त्या शाळेतली मारण्याची वस्तू आहे. विद्या ज्या घरात शिकवली जाते त्याच घरात राहून विद्या त्याला मिळत नाही. हे कथानक आपल्याला नवे नाही. एकलव्याला निदान रान तरी होते. याला केरसुणीसकट त्याच अंगणात वावरायचे आहे. त्याला गुरू भेटतो तो एक म्हातारा भिकारी. गुरू आधी मारायला शिकवत नाही, मार चुकवायला शिकवतो. जमिनीवर पावलांचे ठसे आखलेले, त्यांवरून पोरगा पाय टाकत शिकतो, आणि दुसऱ्या दिवशी मारणाऱ्यांचे ठोसे हवेत जातात. खोलीत सर्वांत मोठा हशा येथे उठे. शेवटच्या विजयाला इतका उठत नसे. चुकवता येणे ही ज्यांची रोजची गरज आहे, त्यांनाच या हशाचे मोल कळेल. आणि हा गुरू दक्षिणेत अंगठा मागत नाही, हे तर आमच्यातल्या न शिकलेल्यानेही टिपले होते.

त्याच वर्षी त्याच दिग्दर्शकाचा, त्याच नायकाचा ‘ड्रंकन मास्टर’ आला आणि अधिक गाजला. कसब म्हणून तो सरस आहे, हे मान्य. परंतु येथे नायक एका नामांकित उस्तादाचा वाया गेलेला मुलगा आहे, आणि बाप त्याला सुधारण्यासाठी दारुड्या गुरूकडे सोपवतो. उलटे टांगून घेऊन खालच्या बादल्यांतले पाणी लहानशा पेल्यांनी वरच्या पिंपात भरायचे, बोटांनी अक्रोड फोडायचे, अशी त्याची तालीम. पाटलाच्या पोराला चार दिवस पाणी भरायला लावले की ती ‘तालीम’ होते. आमच्या आयांनी जन्मभर भरले, ती चाकरीच राहिली. श्रमातून कला उगवते हे या चित्रपटांचे मोठे स्वप्न आहे. मला ते आवडते आणि त्याचा मला संशयही येतो.

पडद्यावरची ही शरीरे आली कोठून? जॅकी चॅनचे आईबाप परक्या वकिलातीतल्या माणसांकडे स्वयंपाक आणि घरकाम करणारे. सातेक वर्षांच्या पोराला त्यांनी यू जिम-युएन यांच्या चिनी ऑपेराच्या शाळेत करारावर ठेवले. सॅमो हुंग आणि युएन बियाओ तेथलेच. कोलांट्या, उपास आणि छडी यांतून ही मुले घडली. जुन्या चीनमध्ये नटांची गणना हीन लोकांत होई आणि त्यांना राजदरबारी परीक्षेला बसण्याची बंदी होती. म्हणजे ज्या पोरांच्या कसरतीला पुढे जगाने टाळ्या वाजवल्या, त्यांच्या कलेमागे असा बहिष्कृतांचा वारसा आहे.

आता आपल्याकडे बघू. अमरावतीत १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. ही मोठी गोष्ट आहे आणि वऱ्हाडाला तिचा अभिमान वाटणे योग्यच आहे. परंतु मल्लखांबावर जे शरीर ‘संस्कृती’ होते, तेच डोंबाऱ्याच्या दोरीवर चढले की भीक होते. मोर्शीच्या बाजारात ढोलकीच्या तालावर काठी धरून चालणारी पोर मी पाहिली आहे. लोक बघत आणि पैसे टाकायच्या वेळी पांगत. जगात कोठेही दाखवता येईल असे हे कसब; त्याला आपल्या क्रीडेच्या इतिहासात जागा नाही आणि नाट्याच्या इतिहासातही नाही.

सोंगाड्याचे तेच. तमाशाच्या फडात महार-मांग कलावंतांनी देवादिकांची, राजाची, सावकाराची जी फजिती केली, ती पांढरपेशांनी आधी अश्लील ठरवली आणि नंतर ‘लोककला’ म्हणून अभ्यासाला घेतली. आंबेडकरी जलशांनी, भीमराव कर्डकांसारख्यांनी, याच बतावणीचा रोख भटशाहीकडे वळवला. जलशातला हशा प्रबोधनाचा होता, आणि त्याला कोणी पलायन म्हटले नाही. आपल्या पुढच्या पिढीच्या लेखनात मात्र सोंगाड्या मागे राहिला. आत्मकथनांत तो बापाच्या, आज्याच्या रूपाने मधूनच डोकावतो. लेखक त्याला लगेच गप्प करतो, जणू हसलो तर आपले दुःख खोटे ठरेल.

आपल्यातले काही जण या चित्रपटांवर आणखी एका कारणाने लोभ करतात. शाओलिनची विद्या बोधिधर्म या भारतीय भिक्खूने चीनला नेली, म्हणून ती बुद्धाचीच देणगी, असे ते सांगतात. ज्या ग्रंथावर ही कथा उभी आहे तो बोधिधर्मानंतर हजार वर्षांनी, सतराव्या शतकात रचला गेला, असे चिनी संशोधकांनीच दाखवले आहे. बुद्धाला आपण ठोशांसाठी जवळ केले नाही. तेव्हा ही कथा सोडून देण्यात आपले काही जात नाही.

एक गोष्ट मात्र सोडून देता येत नाही. ‘ड्रंकन मास्टर’मध्ये आठ मद्यपी सिद्धांचे आठ डाव आहेत. आठवा डाव एका स्त्रीसिद्धेचा आहे, आणि तो बायकी म्हणून नायक शिकायचे टाळतो. शेवटच्या झुंजीत नेमका तोच लागतो. तेव्हा तो मनानेच रचतो, मुरडतो, लाजतो, आणि जिंकतो. खोली हसून लोटपोट होई. तो हशा कोणावर होता? तमाशातल्या नाच्यावर उठतो तोच. जी खोली फरशी पुसणाऱ्या पोराच्या बाजूने होती, तीच या ठिकाणी दुसऱ्या बाजूला जाऊन बसे. त्या खोलीत मुली नव्हत्या. दिवसा बागेत त्या आमच्याबरोबरच कामाला असत. संध्याकाळी पाणी भरायला त्यांना घरी जावे लागे.