‘देवराई’ आणि उपचारापूर्वीचा काळ

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ (२००४) हा चित्रपट मनोविकारावरील मराठी कलाकृतींत अग्रस्थानी मानला जातो, आणि ते योग्यच आहे. पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचा त्याच्या निर्मितीत वाटा होता. राष्ट्रीय पुरस्कार मात्र त्यास लाभला तो पर्यावरणसंरक्षणाच्या विभागात. हा निव्वळ योगायोग नव्हे, असे आमचे मत आहे. चित्रपटाच्या घडणीतच त्याचे बीज आहे.

शेष हा कोकणातील तरुण, देवराईच्या ध्यासाने झपाटलेला. हा ध्यास कोठे संपतो व व्याधी कोठे सुरू होते, ही सीमारेषा दिग्दर्शकांनी धूसर राखली आहे. अतुल कुलकर्णी यांच्या अभिनयाने ती धूसरता मोहकही होते. कलादृष्ट्या हे यश मोठेच. परंतु राईचे रूपक जसजसे गडद होते, तसतसा उपचारापूर्वीचा काळ प्रेक्षकाच्या दृष्टीआड तर होत नाही ना, हा प्रश्न अभ्यासकाने विचारावयास हवा. छिन्नमनस्कतेत तोच काळ मोलाचा असतो. भास व भ्रम सुरू झाल्यापासून औषधयोजनेपर्यंत जितका विलंब, तितकी पुढील सुधारणा सामान्यतः तोकडी, असे अनेक देशांतील संशोधनाने दाखविले आहे. १९५२ मध्ये पॅरिस येथे क्लोरप्रोमाझिनचा उपयोग सुरू झाला, तेव्हापासून औषध हाती आहे. अडते ते रोग ओळखण्यापाशी.

आपल्या भागात ही अडचण निराळे रूप घेते. व्याधी बहुधा सोळा ते तीस या वयात डोके वर काढते. आणि त्यातील कोवळ्या वयाचीच मुले ‘लातूर पॅटर्न’च्या शिकवण्यांसाठी लातुरास, तशीच नांदेडासही, खोल्या घेऊन राहतात. झोप उडणे, मित्र टाळणे, आंघोळीचा कंटाळा, कोणी पाळतीवर असल्याची शंका, ही चिन्हे ‘अभ्यासाचा ताण’ या एका शब्दात विरून जातात. (प्रत्येक अबोल मुलगा रुग्ण नसतो, हेही खरेच.) घरी परतल्यावर तीच ‘बाहेरचे’ ठरतात व गंडेदोऱ्यांत महिने जातात. शासनाची जुनी चार मनोरुग्णालये पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथील. त्यांतील एकही मराठवाड्यात नव्हते. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मनोविकारतज्ज्ञ लातूर जिल्ह्यातील गावांत पोचले, ते आघाताच्या निमित्ताने.

‘छिन्नमनस्कता’ हा शब्दही येथे फारसा साह्यकारी नाही. १९०८ मध्ये ब्लॉयलर यांनी योजिलेल्या मूळ संज्ञेचा तो शब्दशः अनुवाद. त्यामुळे एका देहात दोन माणसे, असा भलताच समज रूढ झाला. शेषच्या चित्रणाने तो समज दूर होतो, हे चित्रपटाचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

आमच्या मते चित्रपटाचे खरे बळ शेषपेक्षा त्याच्या बहिणीत, सीनेत आहे. सोनाली कुलकर्णी यांनी तिची माया, तिचा थकवा आणि स्वतःच्या संसाराशी होणारी तिची ओढाताण संयमाने उभी केली आहे. रूपकाचा आधार न घेता चित्रपट जेथे उभा राहतो ते स्थळ हेच. वर्गात ‘देवराई’ दाखविताना म्हणूनच राईवरील चर्चा थोडी आखडती घ्यावी. भावातील पहिला बदल सीनेच्या ध्यानी केव्हा आला आणि वैद्याच्या दारापर्यंत मध्ये किती काळ लोटला, हे विद्यार्थ्यांना प्रसंगागणिक टिपावयास सांगावे.