लाखीशची राख काय सांगते?

बायबल आणि उत्खनन या विषयावरची पुस्तके बहुधा दोन गटांत मोडतात. एका गटाच्या मते कुदळीने बायबल खरे ठरवले, दुसऱ्याच्या मते खोटे पाडले. दोघेही कुदळीला न्यायासनावर बसवतात. प्रस्तुत लेखकाला तिची जागा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात दिसते. साक्षीदार म्हटला की उलटतपासणी आलीच.

त्यासाठी इ.स.पू. ७०१ हे वर्ष घेऊ. अश्शूरचा राजा सन्हेरीब याने यहूदावर स्वारी केली. तेव्हा यरुशलेमात हिज्कीया राज्य करीत होता. ‘२ राजे’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायानुसार सन्हेरीबाने यहूदाची तटबंदीची नगरे घेतली. हिज्कीयाने लाखीश येथे निरोप पाठवून चूक कबूल केली आणि तीनशे किक्कार रुपे व तीस किक्कार सोने भरले. पुढच्याच अध्यायात मात्र परमेश्वराचा दूत एका रात्रीत अश्शूरच्या छावणीतले १,८५,००० लोक मारतो आणि सन्हेरीब निनवेला परततो.

आता शत्रूची बाजू. सन्हेरीबाचा वृत्तान्त मातीच्या षट्कोनी स्तंभांवर कोरलेला आहे. त्यांपैकी एक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात ४६ तटबंदीची नगरे घेतल्याचा, २,००,१५० माणसे बाहेर काढल्याचा आणि हिज्कीयाला यरुशलेमात पिंजऱ्यातल्या पाखरासारखे कोंडल्याचा दावा आहे. खंडणी तीस किक्कार सोने आणि आठशे किक्कार रुपे. सोन्याचा आकडा जुळतो, रुप्याचा जुळत नाही. यरुशलेम जिंकल्याचा दावा मात्र हा बढाईखोर राजाही करीत नाही.

इथे बायबलमधलीच एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. हाच प्रसंग यशयाच्या पुस्तकात आणि ‘२ इतिहास’ मध्येही आहे. पण हिज्कीयाच्या शरणागतीच्या आणि खंडणीच्या ओळी त्या दोन्ही ठिकाणी नाहीत. त्या ‘२ राजे’ नेच तेवढ्या जपल्या. म्हणजे शत्रूच्या लेखाने दुजोरा दिला तो नेमका राजाच्या मानहानीच्या ओळींना. स्वतःच्या राजाला कमीपणा आणणारी नोंद मुद्दाम कोण रचील? दूताच्या त्या रात्रीबद्दल स्तंभ गप्प आहे. पराभव कोरून ठेवण्याची अश्शूरी राजांची रीत नव्हती, तेव्हा या मौनातून होकार किंवा नकार काढणे म्हणजे मनचे वाचणे होय.

तिसरा साक्षीदार दगडी आहे. निनवेच्या राजवाड्यातल्या एका दालनाच्या भिंतींवर लाखीशचा पाडाव कोरलेला होता. लेयार्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तो उजेडात आणला. मातीच्या चढणीवरून वर सरकणारी वेढ्याची यंत्रे, तटावरून पेटते पलिते फेकणारे रक्षक, सुळावर दिलेले पुरुष, गाडीत संसार भरून निघालेल्या बायका आणि पोरे त्यात दिसतात. शिलापटावर नगराचे नाव आहे. स्तंभावरच्या वृत्तान्तात ते नाही, आणि बायबलमध्ये लाखीश येते ते सन्हेरीबाच्या मुक्कामाचे ठिकाण म्हणून, जाता जाता.

मग उत्खनन. स्टार्की यांनी १९३२ पासून १९३८ मध्ये त्यांचा खून होईपर्यंत तेल एद्-दुवेर हे टेकाड खणले. जळिताचे दोन थर मिळाले. दोन्ही थरांतली मडकी सारखी वाटल्याने त्यांनी दोहोंत दशकभराचेच अंतर मानले आणि जुना थर, म्हणजे तिसरा, इ.स.पू. ५९७ चा ठरवला. त्यांच्याच सहकारी ओल्गा टफनेल यांनी १९५३ च्या अहवालात तो ७०१ चा असल्याचे मांडले. वाद वीस वर्षांहून अधिक चालला. पुढे उसिश्किन यांच्या उत्खननात दोन्ही थरांतल्या मडक्यांतला फरक स्पष्ट झाला आणि टफनेल यांचे मत सर्वसाधारणपणे मान्य झाले. नैर्ऋत्य कोपऱ्यातली वेढ्याची चढण, आतून बचावासाठी रचलेला भराव, शेकडो बाणाग्रे आणि गोफणगुंडे त्याच संहाराची साक्ष देतात.

म्हणजे राखेवर तारीख लिहिलेली नसते. ५९७ असो की ७०१, दोन्ही पर्याय ग्रंथांतून आणि लेखांतूनच आले होते. मडक्यांनी त्यांतून निवड केली. ग्रंथाला बाजूला ठेवून उत्खनन बोलले नाही आणि उत्खननावाचून ग्रंथाचा अर्थ पुरा लागला नाही. बखर आणि अस्सल कागद यांच्या वादात वाढलेल्या मराठी वाचकाला हे नवे नाही. पण अस्सल कागदालाही लिहवून घेणारा धनी असतो, हे आपण विसरतो. लाखीशचा शिलापट हा समकालीन पुरावा खरा, पण तो जेत्याच्या घरातला आहे.

एका ग्रंथाला आपल्या नगरीचे वाचणे सांगायचे होते, एका राजाला आपला पराक्रम. दोघांच्याही गोष्टीत लाखीशकरांना जागा नव्हती. त्यांची घरे ज्या राखेत गेली, ती राख कोणाच्या हुकमावरून लिहिली गेली नाही. बायबल खरे की खोटे, याचा निकाल तिच्याकडे मागण्यापेक्षा, दोन्ही बाजूंनी कोणाला वगळले ते तिला विचारावे. त्याचे उत्तर तिच्यापाशी आहे.